डब्यावरचे देव

घरात होते तोवर माझे, दारात गेले तुझे ।
सांग रे देवा, वाहील कोण दोघांमधले ओझे? ॥

बसा मंडळी, बसा! पुढं सरका. तो खांबाला टेकलेला गट, हो, तुम्हीच, पुढं या. खांब पडत नाही, मी बघून आलोय. दिगंबरबुवा, पेटी जरा खाली घ्या, माझा आवाज कालच्या गावात राहिलाय.

तर आज सुरुवातीलाच एक प्रश्न टाकतो. उत्तर सगळ्यांनी द्यायचं. एक माणूस रस्त्यानं चाललाय. केळं खातो आणि साल रस्त्यावर टाकतो. मागून दुसरा येतो. साल उचलतो, पाटीत टाकतो, घेऊन जातो. आता सांगा, या दोघांत अमंगळ कोण?

'टाकणारा!' — वा! काय एका सुरात बोललात! टाळ इतके एका सुरात वाजले असते तर माझं कल्याण झालं असतं. उत्तर अगदी बरोबर आहे. पण मंडळी, उत्तर तोंडपाठ असून उपयोग काय? तो टाकणारा आपल्या घरी आला की त्याला सोफ्यावर बसवतो आपण. 'चहा घेणार की कॉफी?' आणि उचलणारा आला की? 'तिथंच थांब हां! पायरीवर नको!' का हो? असं का? आता का सगळे छताकडं बघताय?

बघू नका. ऐका! याच प्रश्नाचं एक आख्यान आहे.

सुगंधपूर नावाचा एक देश होता. नकाशात शोधू नका, त्या काकांनी फोन काढला लगेच! सापडायचा नाही. राजाचं नाव विमलकीर्ती. प्रधानाचं नाव हेरंबपंत. आणि प्रजा? प्रजा इतकी स्वच्छ, इतकी स्वच्छ, की विचारू नका! दोन वेळा आंघोळ. तीन वेळा झाडलोट. घरात फरशीवर दूध सांडलं तर चाटून घ्यावं अशी फरशी! आणि झाडून झालं की केर कुठं? — उंबऱ्याबाहेर! उंबरा ओलांडला की केराशी आपलं नातं तुटलं. ओळखसुद्धा दाखवायची नाही. शेजारी म्हणाला, 'अहो, ही तुमची पिशवी ना?' तर म्हणायचं, 'छे! आमच्याकडं निळ्या पिशव्या येतच नाहीत!'

मग एक गाडी यायची आणि सगळं उचलून गावाच्या पूर्वेला नेऊन ओतायची. आज ओतलं, उद्या ओतलं, आज्याच्या काळापासून ओतलं. ढीग वाढला. त्याच्यावर गवत उगवलं. गवतावर शेळ्या चढल्या. पुढं पुढं तर सूर्य उगवला कुठून म्हणून विचारलं की लोक सांगायचे, 'ढिगामागून!'

त्या ढिगावर चाळीस बायका काम करायच्या. त्यांची म्होरकी कौतिकाबाई. खांद्याला पोतं, हातात लोखंडी आकडी. नवरा लवकर गेला. दोन मुली वाढवल्या, शिकवल्या, नांदायला पाठवल्या, ते सगळं या पोत्यावर. काच वेगळी, पत्रा वेगळा, कागद वेगळा, प्लास्टिक वेगळं. आणि काय तयार बाई! पिशवी नुसती चुरगाळली की आवाजावरून सांगायची, 'ही इकली जाती, ही न्हाई.' आमचे दिगंबरबुवा अजून पेटीवर काळी दोन, काळी चार यांत चाचपडतात, आणि ती पिशवीचा सूर ओळखायची! — रागावू नका बुवा, तुमच्यावर बोललो की लोक जागे होतात.

अक्षरंसुद्धा ती ढिगावरच शिकली. मुलांनी टाकलेल्या अंकलिप्या, चटणीच्या पुड्या, जुनी पंचांगं. सगळ्या देशानं जे वाचून टाकलं, ते तिनं उचलून वाचलं. तेव्हा एवढं ध्यानात ठेवा मंडळी, पोतं म्हणजे कौतिकाबाईचं शेत, तिचं दुकान आणि तिची पेन्शन. पोतं गेलं की चूल विझली.

आता झालं काय, की शेजारच्या देशाचा राजा तपनदेव पाहुणा म्हणून आला. पंगत झाली. विडा झाला. सज्जात उभा राहिला. पूर्वेकडं बघितलं आणि म्हणाला, 'राजन, काय देखणा किल्ला आहे हो! कुणी बांधला?'

विमलकीर्तीनं प्रधानाकडं बघितलं. प्रधानानं आकाशाकडं बघितलं. राजा म्हणाला, 'तो ना... आमच्या पूर्वजांनी आणि प्रजेनं मिळून उभारलाय. काम अजून चालू आहे.' बघा! एक अक्षर खोटं बोलला का? नाही!

'चला, चढूया!' पाहुणा तर निघाला! झालं. पुढं तपनदेव, मागं विमलकीर्ती, त्यामागं अत्तराचा फाया नाकाला लावून हेरंबपंत. अर्ध्या वाटेवर पाहुण्याची चाल मंदावली. वर पोचेपर्यंत त्याचा शेला नाकावर! समोर कौतिकाबाई. तिनं पोतं खाली ठेवलं, दंडवत घातला आणि म्हणाली, 'म्हाराज, त्या बाजूनं चढू नगा. काच हाय.'

'बाई, हा कुठला गड?'

'गड न्हाई म्हाराज. ह्यो समद्यांनी मिळून टाकल्याला कचरा हाय.'

तपनदेव बरा माणूस. हसला नाही. म्हणाला, 'राजन, आमच्याकडंही होता असा ढीग. आम्ही राष्ट्रीय धोरण केलं, दहा वर्षं घाम गाळला, आता तिथं चिंचेची झाडं आहेत. तुमचं धोरण काय?'

आता 'नाही' म्हणायला काय जात होतं? पण राजा तो! आपल्याकडं दुसरा कुणी 'तुमच्याकडं आहे का' म्हणाला की आपल्या तोंडातून आपोआप 'आहे ना!' निघतं. शेजारणीनं विचारलं, 'तुमच्याकडं एअर फ्रायर आहे?' — 'आहे ना! माळ्यावर आहे!' तसा राजा म्हणाला, 'आहे ना धोरण! छपाईला गेलंय!'

'उत्तम! पुढच्या दसऱ्याला येतो. एक प्रत मला द्या.'

सापडला! — म्हणा मंडळी, चाल सोपी आहे — घरात होते तोवर माझे, दारात गेले तुझे! मागच्यांचा आवाज येत नाही! सांग रे देवा...! हां.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. अकरा विद्वान! कुणी तर्काचा, कुणी व्याकरणाचा, कुणी गजशास्त्राचा. अकरांतल्या एकानंही जन्मात घरातला डबा बाहेर नेऊन ठेवला नव्हता, म्हणूनच तर त्यांची निवड झाली. निःपक्षपाती माणसं पाहिजेत ना!

पहिली बैठक. विषय — कचऱ्याची व्याख्या. एक म्हणाला, 'जे जुनं झालं, कुणाच्या उपयोगाचं नाही, नुसती जागा अडवतं, ते कचरा.' कोपऱ्यातून एक ऐंशी वर्षांचे माजी प्रधान उठले. म्हणाले, 'या व्याख्येत मी बसतो का, तेवढं आधी स्पष्ट करा!' त्यावर उपसमिती नेमली. तीन महिने गेले!

मग ठरलं, परदेशात जाऊन बघून येऊ. अकरा विद्वान, अकरा पत्न्या आणि एक चित्रकार. निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या डब्यांशेजारी उभं राहून चित्रं काढून घेतली. आले तेव्हा प्रत्येकाबरोबर सात सात पेट्या खरेदी. पेटीत खोका, खोक्यात डबी, डबीत कापूस, कापसात एक चमचा! ते सगळं आवरण गेलं कुठं? ढिगावर! दर बैठकीला पाण्याच्या बाटल्या, कागदी पेले, वड्यांच्या ताटल्या. गेल्या कुठं? ढिगावर!

आणि ढिगावर कोण? आपली कौतिकाबाई! तिला समितीची सगळी खबर. सोबतिणींना सांगायची, 'आज बटाटवडं हुतं, म्हंजी बैठक भरली. एकबी कागद आला न्हाई, म्हंजी काम झालं न्हाई.' पुढं एक दिवस कागदांचा हा गठ्ठा आला. पहिला खर्डा! मग दुसरा. मग तिसरा. दरबारात बसलेल्या मंत्र्यांनी वाचला नव्हता, पण हिनं पानन् पान वाचला. आणि वाचता वाचता तिच्या हातातली आकडी गळून पडली.

काय लिहिलं होतं? लक्ष देऊन ऐका. कलम सत्तेचाळीस — 'उंबऱ्याबाहेर पडलेला कचरा हे राजद्रव्य होय. राजमुद्रेवाचून कोणी तो उचलल्यास चोरी समजावी व त्याचे पोते जप्त करावे.' वा रे न्याय! काल उंबऱ्याबाहेर पडला तेव्हा कुणाचाच नव्हता. विचारलं तर 'आमच्याकडं निळ्या पिशव्या येतच नाहीत!' आणि कुणीतरी वाकून उचलला, त्यात दोन भाकरी बघितल्या, की लगेच राजाचा?

आणि ती राजमुद्रा मिळणार कुणाला? कलम अठ्ठेचाळीस — ज्याच्याकडं तीन मजली गोदाम आणि दहा रथ आहेत, त्याला. कौतिकाबाईकडं काय होतं? एक पोतं. तेही ठिगळाचं.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. मुली आपापल्या घरी सुखी, त्यांच्या दारात जाऊन हात पसरायचा नाही हे तिचं पक्कं. या वयात दुसरं काम कोण देणार? पण बाई रडत बसली नाही. त्याच कचऱ्यात तिला एक सूचना सापडली. 'धोरणावर प्रजेच्या हरकती मागवण्यात येत आहेत.' आता प्रजेसाठी काढलेली सूचना कचऱ्यात कशी? शिपायाला ती चिकटवायला खळ मिळाली नाही, म्हणून त्यानं टाकून दिली! शेवटची तारीख? दुसऱ्याच दिवसाची.

एका पाठकोऱ्या कागदावर तिनं अर्ज लिहिला. पाच ओळी. ऐका, कारण पुढं त्यांच्यावरच सगळं आहे. ओलं वेगळं आणि सुकं वेगळं, घरातच करा. फुटकी काच कागदात गुंडाळून वर खूण करा, आमचे हात कापतात. आम्हाला ढिगावर पाठवू नका, दारोदार येऊ द्या, म्हणजे ढीगच होणार नाही. जो पुड्या भरून विकतो, त्याच्या रिकाम्या पुड्या त्यालाच परत न्यायला लावा. आणि पाचवी — आमचं पोतं हिसकावू नका.

सकाळी दरबारात गेली. हेरंबपंत पुढ्यात चहा घेऊन बसलेले. 'कोणत्या संस्थेतर्फे आलात?'

'ढिगातर्फे.'

'अनुभव?'

'तीस वरीस.'

'परदेशातला?'

'त्यांच्या बाटल्या येत्यात की आमच्याकडं.'

पंतांनी अर्ज घेतला, चहाचा पेला त्याच्यावर ठेवला आणि म्हणाले, 'नोंद घेतली. या आता.' बाई हरखून घरी आली! सोबतिणींना म्हणाली, 'त्यांनी घेतला गं कागद!' दुसऱ्या दिवशी गाडी आली, ढिगावर रिकामी झाली. पहिल्याच पिशवीत वड्यांच्या ताटल्या, आणि ताटल्यांखाली तिचा अर्ज! मधोमध चहाच्या पेल्याचा गोल डाग. शिक्का म्हणाल तर तोच! तिनं तो पुसला, घडी घातली आणि पोलक्यात ठेवला.

मला राग येतो मंडळी. हे सांगताना दर वेळी येतो. पण पुढं ऐका, पुढं हसायचं आहे.

समिती बसल्यापासून नऊ महिन्यांनी धोरण जाहीर झालं. सहाशे पानं, सोनेरी पुठ्ठा! चौकाचौकात दोन दोन डबे, हिरवा ओल्याचा, निळा सुक्याचा. आणि शिपायांनी ढिगावर जाऊन चाळीस पोती जप्त केली. आता गंमत बघा! जप्त केलेली पोती ठेवायची कुठं? कोठीत जागा नाही. म्हणून ती नेऊन टाकली — कुठं? सांगा! — बरोबर! ढिगावर! कौतिकाबाईच्या डोळ्यांदेखत! आणि तिला ती उचलता येईनात, कारण आता ते राजद्रव्य! समोर स्वतःचं पोतं पडलंय आणि हात लावला तर चोर. चूल दिवसाआड पेटायला लागली.

इकडं डब्यांचं काय? चार दिवसांत झाकणं गेली. एका घरात झाकणावर पापड वाळत होते! आणि उरलेल्या डब्यांवर पिचकाऱ्या! हिरवा कोणता, निळा कोणता, कळेना. सगळे लाल!

राजा म्हणाला, 'पंत, आता?'

आणि तिथं हेरंबपंतांना ती युक्ती सुचली. मंडळी, जगात कुठल्याच देशाच्या प्रधानाला ही सुचली नसती! ती फक्त आपल्यासारख्या माणसांनाच सुचते. पंत म्हणाले, 'महाराज, जिन्याच्या कोपऱ्यात लोकांनी थुंकू नये म्हणून आपण काय करतो? देवाच्या फरश्या बसवतो! तशा डब्यांवर बसवू. चारी बाजूंनी चार देव. आहे कुणाची छाती थुंकायची?'

बसवल्या! दोनशे डब्यांना आठशे फरश्या. पहिला दिवस, एक पिचकारी नाही! राजा खूश. पंतांना शालजोडी. दुसरा दिवस, पिचकारी नाही, आणि... कचरापण नाही! अहो, माणूस हातात खरकट्याची पिशवी घेऊन डब्यापाशी यायचा, समोर देव बघायचा, चपला काढायचा, हात जोडायचा, आणि पिशवी घेऊन परत! देवाच्या डोक्यावर खरकटं कसं ओतायचं? मग ओतायचं कुठं? जिथं देव नाही तिथं. म्हणजे रस्त्यावर!

तिसऱ्या दिवशी कुणीतरी हळदकुंकू वाहिलं. चौथ्या दिवशी नारळ फुटला. पाचव्या दिवशी वर पत्र्याची शेड! सहाव्या दिवशी शेडला अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार! एका बाईचा हरवलेला बैल सापडला, झालं! 'नवसाला पावणारा निळा डबा!' मग हिरव्यावाले कसे मागं राहतील? त्यांनी सप्ताह बसवला. निळ्यावाल्यांनी भंडारा घातला. भंडाऱ्याच्या ताटल्या, द्रोण, पेले... कुठं टाकले? डबा शेजारीच होता हो! पण डब्यात कशा टाकणार? डब्याचाच तर भंडारा होता!

यात देवाची काय चूक? काही नाही! आपल्याला नीट वागता येईना, म्हणून त्याला उन्हातान्हात पहाऱ्याला उभा केला. ज्यानं विश्व सांभाळायचं, त्याला आपण थुंकीवर नजर ठेवायला नेमलं!

आणि दरबारात अहवाल काय गेला? खास वाचण्यासारखा आहे. 'राज्यातील कचराकुंड्यांत आढळणाऱ्या कचऱ्याचे प्रमाण शून्यावर आले असून धोरण संपूर्ण यशस्वी झाले आहे.' खोटं आहे का? कुंडीत खरंच काही नव्हतं! समितीचा सत्कार झाला. हारतुरे झाले. ते हार कुठं गेले विचारू नका.

असं करता करता दसऱ्याला चार दिवस उरले. रस्त्यांवर कमरेएवढा कचरा! तपनदेवाचा रथ येणार कसा? पंत म्हणाले, 'दोन्ही बाजूंनी पडदे लावू.' पडदे लावले. दिसायचं बंद झालं, पण वासाला पडदा कुठला? शेवटी राजा स्वतः पाहणीला निघाला, तर राजवाड्याच्या दारातच पालखी अडली. एका अंगाला निळ्या डब्याची दर्शनाची रांग, दुसऱ्या अंगाला घाण. भोई म्हणाले, 'महाराज, उतरा.' उतरले! पहिलंच पाऊल... चिखल म्हणावं तर पाऊस नव्हता. राजा त्या पायानं तसाच चालत निघाला, थेट ढिगापर्यंत. मागं प्रधान, समिती, पुरोहित.

कौतिकाबाई थंड चुलीपुढं बसली होती. राजा म्हणाला, 'बाई, तुझ्या चाळीस जणी घेऊन ये. रस्ते मोकळे करा.'

'कशी यिऊ म्हाराज? उचललं तर चोरी हाय. कलम सत्तेचाळीस.'

राजा चकित! 'तुला कलम कसं ठाऊक?'

'तुमच्या खर्ड्यात वाचलं की. दुसऱ्या खर्ड्यात त्ये शेचाळीस हुतं.'

राजानं वळून समितीकडं बघितलं. अकरांपैकी एकालाही आकडा आठवेना. 'ते कलम रद्द! सत्तेचाळीस रद्द, अठ्ठेचाळीस रद्द! घे तुझं पोतं.' तिनं ढिगावर जाऊन आपलं पोतं काढलं, झटकलं, उराशी धरलं. आणि मग म्हणाली, 'आनि देवाचं काय?'

'कुठला देव?'

'डब्यावरचं. त्ये हाईत तवर डब्यात कोन टाकनार? आमी आज उचलू, उद्या पुन्ना हाय तसंच.'

खरंच की! सगळे राजवाड्याच्या दारातल्या डब्यापाशी आले. फरश्या काढायच्या. कोण काढणार? राजानं पंतांकडं बघितलं. पंतांनी हात जोडले, 'मला पाप लागेल.' पुरोहिताकडं बघितलं. त्यानंही हात जोडले. तो तर निळ्या डब्याचा विश्वस्त होता! अकरा विद्वानांनी ओळीनं हात जोडले. राजा म्हणाला, 'मी काढतो!' हात पुढं केला... आणि त्यानंही जोडले.

मग कौतिकाबाई पुढं झाली. तिनं हात धुतले. पदरानं देवाच्या तोंडावरची धूळ पुसली. म्हणाली, 'देवा, लई दिस उन्हात हुबा केला रं तुला. चल घरला.' आकडीच्या टोकानं हलकेच सिमेंट सोडवलं, फरशी उराशी धरली आणि पोत्यात ठेवली. ज्या पोत्याकडं बघून अख्खा देश नाक दाबत होता, त्या पोत्यात देव जाऊन बसला! एक नाही, आठशे! तिच्या झोपडीच्या भिंतीला लावून ठेवले ओळीनं. राज्यात तेवढं मोठं देवघर कुणाकडं नव्हतं.

— म्हणा! दोघांमधले ओझे!

राजाला वाटलं, झालं, सुटलो. बाई म्हणाली, 'थांबा. रस्त्याचं आमी बघतो. पर राजवाड्याची पिशवी तुमी सोडवायची. तुमच्या हातानं. ओलं इकडं, सुकं तिकडं.' अहो, काय सांगू! राजा उकिडवा बसला. अकरा विद्वान उकिडवे बसले. अर्ध्या खाल्लेल्या पुरणपोळ्या, तूप लागलेले कागद, सुकलेले हार. राजानं आत हात घातला आणि ओरडला, 'आई गं!' बोटातून रक्त! 'काच! अशी उघडी काच कोण टाकतं रे? कोण तो नालायक?'

पंत अगदी हळू म्हणाले, 'महाराज... परवा रागानं फेकलेला पेला. आपलाच.'

कौतिकाबाईनं पदराची चिंधी फाडली, राजाचं बोट बांधलं. मग पोलक्यातून तो घडी घातलेला कागद काढून त्याच्या हातात दिला. 'टाकल्यालं माघारी द्यायची आमची रीत न्हाई म्हाराज. पर येवढं घ्या. दुसरी वळ वाचा.' राजानं वाचली. मग पहिली वाचली. मग सगळ्या वाचल्या. वर चहाचा डाग कुणाचा, ते त्यानं विचारलं नाही. पंतांनी मान खाली घातली, त्यावरून कळलं.

दसऱ्याला तपनदेव आला. रस्ते मोकळे! दारोदार बायका फिरताहेत, दोन पोती घेऊन. तो म्हणाला, 'राजन, धोरणाची प्रत?' राजानं एकदा त्या सहाशे पानांकडं बघितलं, आणि तो डागाळलेला कागद पुढं केला. तपनदेवानं वाचला, दोनदा वाचला. म्हणाला, 'आम्हाला दहा वर्षं लागली हे कळायला. कुणी लिहिलं?'

आता तुम्हाला वाटेल, राजा सुधारला! राजा म्हणेल, 'या कौतिकाबाईनं!' वाटतंय ना? अहो, राजा तो! छाती फुगवून म्हणाला, 'आमच्या समितीनं! अकरा विद्वान, नऊ महिने!'

सोबतीण चिडली. 'आगं कौतिका, नाव त्यांचं लागलं की गं!'

कौतिकाबाई हसली. म्हणाली, 'लागू दे. नाव आसतं वरच्या कागदावर, आनि त्यो समद्यात आदी फाटतो. माझं पोतं माघारी दिलं न्हवं? बास.' आणि पुढच्या दाराशी जाऊन तिनं हाक दिली, 'ओलं-सुकं येगळं केलंय का वैनी?'

तर मंडळी, असं हे आख्यान. हसलात पोट धरून. तुमच्या देवळाचे अध्यक्ष तर उपरण्यानं डोळे पुसत होते, मी बघितलं. सुगंधपूरची माणसं काय येडी, नाही? डब्यावर देव!

आता खरं सांगतो. आज कीर्तनाआधी हात धुवायला मी देवळामागं गेलो होतो. मागच्या भिंतीवर काय आहे? तीन फरश्या आहेत! देवळाच्या भिंतीवर देवाच्या फरश्या! का? आत देव आहे याची बाहेरून खात्री पटावी म्हणून? नाही! तुमच्यातलीच माणसं तिथं थुंकतात म्हणून! आणि फरश्यांच्या खाली, ओढ्यात? कालच्या महाप्रसादाचे द्रोण, पेले, आणि निर्माल्य. तेही गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत! देवाला वाहिलेलं फूल कचऱ्यात टाकायचं नाही म्हणून ओढ्यात टाकायचं. आणि ती पिशवी? ती काय देवाला वाहिली होती?

आणि मी काय वेगळा? हा हार बघा, माझ्याच गळ्यातला. दरवर्षी तीनशे हार घालून घेतो मी. ते गावोगावी कुठं जातात, तीस वर्षांत एकदा विचारलं नाही. कौतिकाबाई सांगताना मला लाज वाटते ती याचीच.

दिगंबरबुवा, पेटी थांबवा. हा बघा हार काढला. हा प्लास्टिकचा दोरा ओढला. फुलं या ताटात. दोरा या बाजूला. झालं! सहाशे पानांचं राष्ट्रीय धोरण झालं!

आता आरती नंतर. आधी मागच्या भिंतीपाशी जायचंय. त्या तिन्ही देवांना पुसून आत आणायचंय, आणि ओढ्यात उतरून कालच्या पिशव्या सोडवायच्या आहेत. माझ्याबरोबर कोण येतंय?

...

अहो, बोला की! हे काय? सगळ्यांनी हात जोडले?

सोडा मंडळी ते हात. सोडा, आणि चला माझ्या मागं.